भावजींच्या तळ्यातली बोटुकली

माझी माशांची बोटुकली मेली चौक गावच्या ढाब्यासमोर, आणि ती मारली माझ्या चुलतदिरानं. याला दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

घरच्यांशी भांडून भाताच्या एका खाचरात मी तळं खणून घेतलं होतं. बोटुकली म्हणजे रोहू-कटल्याची बोटाएवढी पिल्लं, ऑक्सिजन भरून फुगवलेल्या पिशव्यांतून, भावजींच्या टेंपोनं यायची होती. "वाटेत थांबू नका," दहादा बजावलं. स्वारी चौकला मिसळ खायला उतरली, टेंपो उन्हात. घरी पिशव्या उघडल्या तर सगळ्यांची पोटं वर. भावजी काय म्हणाले? "मासंच तं व्हते, वयनी. मानसं नव्हती." आणि हसले! सासूबाई वर्षभर त्या तळ्यावरून मला टोचून बोलत होत्या, तेव्हा हा माणूस ओट्यावर बसून चहा पीत होता.

पुढच्या खेपेला मी स्वतः गेले, टेंपोत मागं पिशव्यांशेजारी बसून आले. मत्स्यबीज केंद्रातल्या माणसानं सांगितलं तसं बंद पिशव्या अर्धा तास तळ्यात तरंगत ठेवल्या. आतलं-बाहेरचं पाणी सारखंच कोमट झालं तेव्हाच तोंडं सोडली. सगळी जगली. ही गोष्ट मी कुणाला सांगत बसले नाही.

यंदा भावजींनी स्वतःचं तळं केलं. त्यांचा टेंपो आला तो बघून माझ्या अंगाची लाही लाही झाली. पिशव्यांवर ओली पोती, बाजूनं बर्फाच्या लाद्या, वर ताडपत्री! चौकला पाणी प्यायलासुद्धा थांबले नव्हते. म्हणजे येत होतं की बाबाला सगळं. फक्त माझ्या पिल्लांपुरतं येत नव्हतं.

भर दुपार. पाहुणे जमलेले, नारळ फुटलेला, सरपंचांना दुसऱ्या कार्यक्रमाची घाई, पोरं मोबाइल रोखून उभी. मी तळ्यात हात घालून पाहिला. पाणी चांगलंच कोमट. पिशवी बर्फागत गार. भावजी पिशवीची गाठ धरून वळले आणि एवढ्या माणसांत मलाच विचारलं, "वयनी, सोडू ना?"

अर्धा तास तरंगू द्या. चार शब्द. जिभेवर आले होते, मी गिळले.

"सोडा की भावजी. सरपंच खोळंबलेत."

टाळ्या पडल्या. मी पेढा मागून घेतला. दोन खाल्ले.

संध्याकाळी पाणी पांढरं दिसत होतं. भावजी कमरेइतक्या पाण्यात उभे राहून चाळणीनं मेलेली पिल्लं काढत होते. मी मुद्दाम काठावर गेले, बघायला. खोटं कशाला बोलू, जिवाला कसं थंडगार वाटलं.

"केंद्रावर फोन लावला," ते म्हणाले. "म्हनतात, पिशव्या आदी तरंगत ठेवायच्या व्हत्या. आमाला काय ठाव? तुमचीबी नशिबानंच जगली म्हना. ठाव असतं तं तुमी गप बसल्या असत्या व्हय, वयनी?"

"नाय हो," मी म्हणाले आणि दुसरी चाळणी आणायला घरी गेले. अजून त्यांना सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.