गाळलेला ‘वाया’

“जळतंय कोणासाठी?” हे त्याचं पालुपद होतं. रिकाम्या खोलीच्या दारात उभा राहून तो हे विचारायचा, आणि आत कोणीच नसल्यामुळे उत्तर बटणाला द्यावं लागायचं. खट्. मग पुढची खोली. खट्. या आवाजावरून शाळेनं त्याचं नाव खटका ठेवलं. नावाला दुसरंही कारण होतं. ज्याच्याशी त्याचा खटका उडाला नाही असा माणूस वर्षाअखेर शोधूनही सापडत नसे.

खटका शाळेचा वायरमन होता. त्याआधी बावीस वर्षं त्यानं विजेच्या खांबांवर काढली होती. एका दुपारी तारेनं त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं आखडून टाकली, तेव्हा त्याला खाली उतरवून शाळेत धाडलं. दिवे, पंखे, घंटा आणि पाण्याची मोटर एवढा त्याचा संसार. घरचा संसार अंधारातच चालायचा. बायको नळावर बायकांना सांगायची, लग्नात गर्दीत यांचं तोंड नीट दिसलं नाही आणि नंतर यांनी कधी दिवा लावू दिला नाही.

पूर्वीच्या हेडमास्तरांनी त्याला शुक्रवारचा शेवटचा तास दिला होता. मुलांना वीज वाचवायला शिकव म्हणाले. खटक्यानं खडू हातात घेतला नाही. तो मुलांना जिन्याखाली मीटरपाशी नेई. जुना मीटर, काचेआड चकती आणि चकतीवर एक काळा ठिपका. ठिपका एक फेरी मारून परत येईपर्यंत सगळ्यांनी मिळून आकडे मोजायचे. पहिल्यांदा ठिपका सहावरच परत यायचा. मग एकानं पळत जाऊन मोकळ्या वर्गातले दिवे बंद करायचे. पुन्हा मोजणी. नऊ, दहा, अकरा. चकती दमल्यासारखी चालू लागली की मुलं एकमेकांना ढकलत काचेला नाक लावायची. खटका म्हणायचा, वीज दिसत नाही, पण तिची धाव दिसते.

मग मुलं घरचे मीटर मोजू लागली आणि घरोघरी कटकट सुरू झाली. एका आजोबांचा रेडिओ ऐन बातम्यांत मुका झाला. एका घरी फ्रिज बंद झाला आणि दूध नासलं. त्या घरी खटका स्वतः गेला, त्या बाईची बोलणी खाली मान घालून ऐकली, आणि पुढच्या शुक्रवारी काय बंद करायचं नाही ते शिकवलं. पहिलीतली टेलरची धाकटी तर बापाच्या मानगुटीवरच बसली. दुकानातली इस्त्री तापत ठेवून बाप चहाला गेला की ही मीटरखाली उभी राहून मोठ्यानं आकडे मोजायची. गिऱ्हाईकं हसायची. बाप अर्धा चहा टाकून परत यायचा. शनिवारी शाळा सुटताना वर्गाची बटणं बघायचं काम खटक्यानं तिलाच दिलं होतं.

मग हेडमास्तर गेले आणि मोठ्या बाई आल्या. बाई हुशार होत्या. वीज वाचवणाऱ्या शाळांना बक्षीस मिळतं आणि त्यासाठी समिती येते, हे त्यांना आल्या आल्या कळलं. त्यांनी प्रत्येक खोलीतल्या बटणांवर एक पत्र्याची पाटी लावायचं ठरवलं. कागदावर त्यांनी लिहिलं होतं, ‘वीज वाया घालवू नका’. पाट्या निघाल्या लहान. अक्षर ठसठशीत हवं, म्हणून पेंटरनं विचारलं की एक शब्द गाळू का. बाई म्हणाल्या, ‘वाया’ गाळ, अर्थ कळतोच. पाटीवर उरलं, ‘वीज घालवू नका’.

आता हे समजून घ्या की आमच्याकडे घरोघरी दिवा ‘घालवतात’. लाईट घालव म्हणजे बंद कर. निजताना आई हेच सांगते, बाहेर पडताना बाप हेच सांगतो. पाट्या ठोकायचं काम खटक्याकडे आलं. त्यानं पहिलीच पाटी वाचली आणि ती घेऊन तडक ऑफिसात गेला.

“बाई, ‘वाया’ काढलंत तर सगळंच वाया जाईल. पोरं याचा उलटा अर्थ घेतील.”

बाईंनी वर न बघता सांगितलं की भाषा हा त्यांचा विषय आहे आणि स्क्रू हा त्याचा. खटक्यानं दात आवळून एकवीस पाट्या ठोकल्या. प्रत्येक स्क्रूबरोबर त्याचा राग एकेक फेरा आत गेला.

पुढच्या शनिवारी त्याची फेरी चुकली. समितीच्या स्वागताचे फलक आणायला बाईंनी त्याला दुपारीच बाजाराच्या गावी पाठवलं. तो दिव्यांचं बोलला, तर म्हणाल्या, आता पाट्या आहेत, मुलं बघतील.

मुलांनी बघितलं. पहिली-दुसरीची मुलं नुकती वाचायला शिकलेली. दिसेल ते अक्षर बोट ठेवून वाचण्याचं आणि वाचलेलं पाळण्याचं ते वय. शनिवारी दुपारपासून सोमवारी सकाळपर्यंत लहान वर्गांचे सगळे दिवे आणि पंखे चालू राहिले. रविवारी रस्त्यानं जाणाऱ्यांना उजेड दिसला, पण समितीसाठी रोषणाई केली असेल असं समजून लोक पुढे गेले. पहिलीच्या वर्गातला जुना पंखा कधीतरी जाम होऊन जळला. सोमवारी दार उघडलं तर जळक्या वासाचा लोंढा अंगावर आला. छतावर परातीएवढा काळा डाग.

कोणी सांगितलं कोण जाणे, पण तासाभरात बाईंना कळलं की बटणाकडे गेलेल्या मुलांना टेलरच्या धाकटीनं अडवलं होतं.

खटक्याला ती पाण्याच्या टाकीमागे सापडली. रडून तोंड सुजलेलं. उद्या सकाळी परिपाठाला सगळ्या शाळेसमोर तिनं माफी मागायची होती.

“काका, मी नाही घालवली,” ती म्हणाली. “लिहिलंय तसंच केलं.”

खटका तरातरा ऑफिसकडे निघाला. तो असा चालू लागला की बायको घरात भांडी उचलून ठेवायची.

ऑफिसात बाईंनी त्याला शांतपणे समजावलं. परवा समिती येणार. छतावरचा डाग रंगवला तरी पंख्याचं कारण कागदावर लिहावं लागेल. एक तर मुलीचा खोडकरपणा, नाही तर वायरमनचा हलगर्जीपणा. तो स्वतःवर घेत असेल तर मुलीला सोडता येईल, त्याला फक्त एक सही करायची आहे. पाटीचं नाव मात्र काढायचं नाही.

“चूक माझी असती तर सही काय, अंगठाही दिला असता,” खटका म्हणाला. “पण मी सही केली की पाटी तशीच राहते. आणि ती पोरगी जन्मभर समजणार की आपल्याला वाचता येत नाही.”

मंगळवारी परिपाठाला सगळी शाळा मैदानात रांगेनं उभी होती. बाईंनी टेलरच्या धाकटीला पुढे बोलावलं. ती ओठ चावत उभी राहिली. तेवढ्यात खटका पहिलीच्या वर्गातून आला. एका हातात स्क्रू-ड्रायव्हर, एका हातात पाटी. त्यानं बाईंकडे बघितलंसुद्धा नाही. पाटी लहानांच्या रांगांसमोर उंच धरली आणि विचारलं, “यात काय सांगितलंय?”

सत्तर मुलं एका सुरात, पाढा म्हणावा तशी म्हणाली, “लाईट बंद करायची नाही.”

मागे मोठ्या वर्गांत कोणीतरी फसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. शिक्षक आपापल्या चपला बघू लागले. खटका पोरीपाशी गेला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

“तू बरोबर वाचलंस. चूक लिहिणाऱ्याची आहे. जा, रांगेत उभी राहा.”

ती गेली. बाईंचा चेहरा उतरला नाही, कडक झाला. आवाज न चढवता त्या म्हणाल्या की आजपासून शुक्रवारचा तास बंद, मीटरपाशी एकही मूल दिसता कामा नये, आणि त्याच्याबद्दलचा अहवाल आजच वर जाईल.

खटक्यानं पाटी त्यांच्या हातात दिली. स्क्रू खिशातून काढून वर ठेवले, चारही. मग तो वळला आणि ओसरीच्या बाजूनं फाटकाकडे चालू लागला. अकरा वर्षं ज्या तासासाठी तो आठवडा ढकलत होता, तो तास मागे पडला होता. साडेतीनशे मुलं त्याच्या पाठीकडे बघत होती. बाई हातातल्या पाटीकडे बघत होत्या.

वाटेत ऑफिस लागलं. दार सताड उघडं, आत कोणी नाही, दोन दिवे आणि पंखा चालू. खटका थांबला. सवयीनं हात बटणापर्यंत गेला. क्षणभर तिथेच राहिला. मग त्यानं मूठ आवळली, खिशात घातली आणि फाटकाबाहेर पडला.

ते बाकी कोणाच्या ध्यानात आलं नाही. टेलरच्या धाकटीला दिसलं. मागे पंखा फिरतच होता, आणि बापाच्या दुकानात मोजायची तशी ती आकडे मोजायला लागली होती.