सुमनच्या मुलाची मिशी

सुमनच्या मंजूचा फोन आला तेव्हा मी पोहे परतत होते. "मावशी, आई गेली..." एवढंच ती म्हणाली आणि फोन दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात गेला. मी गॅस बंद केला, कढईवर झाकण ठेवलं आणि मानपाड्याची रिक्षा पकडली. रिक्षात मला रडू आलं नाही. डोक्यात एकच होतं... आता सुमनचा मुलगा परेश मोठ्यानं रडणार आणि चार लोक त्याला धरणार, पाठीवरून हात फिरवणार. त्याला ते सुख मिळू द्यायचं नाही, हे मी घरी पोचायच्या आधीच ठरवलं होतं. या गोष्टीला आता दोन महिने होत आले. मैत्रीण गेल्यावर माणसानं हळवं लिहावं अशी अपेक्षा असते. पण माझा राग उतरलेला नाही, आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही.

सुमन आणि मी मानपाड्याजवळच्या एका औषधाच्या कारखान्यात बावीस वर्षं पॅकिंगला होतो. ती कोलशेतची, आगरी, मिठागरात राबणाऱ्या घरातली. लग्न होऊन मानपाड्याला आली. मी कल्याणची, बौद्ध घरातली. पहिल्याच दिवशी तिनं माझ्या डब्यातली दुधीची भाजी बोटानं चाखली आणि न विचारता तिच्या डब्यातलं मासळीचं सुकं माझ्या झाकणात वाढलं. "खा. तुजी भाजी आजारी मान्साची हाय," म्हणाली. तेव्हापासून आमचं जेवण एकत्र. तिचा नवरा लवकर गेला. परेश तेव्हा नववीत होता, मंजू त्याहून लहान. पाळीवरून आल्यावर भाकऱ्या थापून, मुलांचा अभ्यास घेऊन (तिला स्वतःला जेमतेम वाचता यायचं) तिनं दोघांना मार्गी लावलं. पुढे सासरच्या जमिनीवर इमारत उभी राहिली, तिला दोन खोल्यांचा फ्लॅट मिळाला, आणि आम्ही दोघी निवृत्त झालो.

मग आम्हाला नाद लागला तो अंत्ययात्रांचा. हसू येईल, पण खरं आहे. कुणी मोठे महाराज, महंत, बाबा गेले आणि टीव्हीवर थेट दाखवायला लागले, की सुमनचा फोन यायचा, "ये लवकर, उचलायची येल झाली." मी चहाची पावडर संपली असेल या भीतीनं घरचा पुडा घेऊनच निघायचे. तिला धर्माचं वावडं नव्हतं. पालखीत बसवून नेलेले महंत पाहिले, फुलांच्या ट्रकमधले बाबा पाहिले, एका परदेशी धर्मगुरूची साधी लाकडी पेटी पाहिली. एका वृद्ध भन्तेजींची यात्रा तर तिनं माझ्यासाठी म्हणून पदर डोक्यावर घेऊन पाहिली. तोंड मात्र सतत चालू. "हा बग, रडतो नि मधीच कॅमेऱ्याकडं बगतो." "डोक्याशी बसलाय ना पांढऱ्या कपड्यातला, तो गादी घेनार." आणि खरंच, महिन्याभरात तोच गादीवर! मी एकदा विचारलं, "सुमन, तुला हे बघून काय मिळतं गं?" ती म्हणाली, "एवरी मान्सा एका मान्साला पोचवाला येतान, बरा वाटतं. कुनी तरी कुनाचा हाय."

परेश ज्या महाराजांच्या नादी लागला होता, ते गेले तेव्हाही आम्ही दोघी टीव्हीसमोर होतो. परेश आदल्या दिवशीच तिकडे गेलेला. सुमन चष्मा पुसून पुसून गर्दीत मुलाला शोधत होती. आणि तो दिसला. नुसता दिसला नाही, पडदाभर दिसला. डोकं तासलेलं, मिशी सफाचट.

हे ज्यांना कळणार नाही त्यांच्यासाठी सांगते. शहरातली मुलं रोज मिशी काढून ऑफिसला जातात, त्यात काही नाही. पण सुमनच्या घरात आई-बाप जिवंत असताना मुलगा डोक्याला वस्तरा लावत नाही, मिशीला हात लावत नाही. ती काढायची ती त्यांच्या मरणाला. बाप गेला तेव्हा परेशनं डोक्याचे केस आणि नुकतीच फुटलेली मिसरूड काढली होती, त्यानंतर कधी नाही. आमच्याकडे ही रीत नाही, मला तिचं कौतुकही नाही. पण सुमनचं आयुष्य त्या रीतीवर उभं होतं. पत्रकार पोरीनं परेशपुढे माईक धरला आणि तो हुंदके देत म्हणाला, "आज माझी आई गेली. महाराजच माझी आई होते."

सुमन टीव्हीजवळ सरकली. पडद्याकडे बघत हळू आवाजात म्हणाली, "मी जिती हाय न रं आजून..."

चॅनलवाल्यांना ते दृश्य एवढं आवडलं की दिवसभर तेच, खाली करुण सनई लावून. शेजारणी दार वाजवायला लागल्या, नातेवाइकांचे फोन आले, "अगं, परेश टीव्हीवर आला!" मी टीव्ही बंद केला तर तिनं पुन्हा लावायला सांगितला. चौथ्या दिवशी परेश घरी आला. तिनं ताट वाढलं आणि विचारलं, "कुनाचा सुतक पालतंस?" तो म्हणाला, "आई, तसं नसतं गं ते. तुला नाही कळणार." आणि जेवता जेवता मोबाईल काढून तिला तोच तुकडा दाखवायला लागला, किती लोकांनी पाहिला ते सांगत! मी समोर बसले होते. त्या क्षणी त्याच्या थोबाडीत द्यायला हवी होती, ती मी दिली नाही, याचा मला अजून पस्तावा होतो.

तिचं हृदय आधीच अधू होतं, साखर होती. त्यानं तिला मारलं असं मी म्हणणार नाही, डॉक्टरही म्हणणार नाहीत. पण त्यानंतर ती सात आठवडेच जगली, त्यातले शेवटचे काही दिवस हॉस्पिटलात.

स्मशानात न्हावी आला. त्यांच्यात अग्नी देण्याआधी मुलाचे केस काढतात. परेशचे केस बोटभर वाढले होते, मिशीही आली होती. तो दगडावर बसला, मान खाली घातली. न्हाव्यानं वाटीत पाणी घेतलं. मी पुढे गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "थांबा. सुमननं सांगून ठेवलंय. त्यानं तिच्यासाठी केस काढायचे नाहीत. त्याची आई आधीच गेलीय."

त्याचा थोरला काका पुढे आला. "कवा बोलली ती?"

"परवा. हॉस्पिटलात."

कुणी वाद घातला नाही. सगळ्या गावानं तो तुकडा पाहिला होता. परेश माझ्याकडे बघत राहिला, काका त्याच्याकडे. मग काकांनी मंजूला हाक मारली आणि अग्नी मंजूनं दिला. दहाव्यालाही परेश मिशी घेऊनच बसला. मानपाड्यात आज तो जिथे जातो तिथे लोक आधी त्याच्या ओठांकडे बघतात, मग डोळ्यांकडे. मला ते बघून बरं वाटतं.

मागच्या रविवारी तो माझ्या घरी आला. चपला काढून दारातच उभा राहिला. "मावशी, आई खरंच तसं बोलली होती?" मी म्हणाले, "हो."

ते खोटं होतं. सुमन असं काही बोलली नव्हती. हे मी त्याला दारातच सांगू शकले असते, तो रडला असता आणि विषय तिथेच मिटला असता. पण तो जे बोलला ते साऱ्या जगासमोर बोलला, म्हणून मीही चार लोकांत सांगते आहे. यात मी सुमनच्या हक्काचंही काढून घेतलं, हे मला कळतं. तिची क्षमा मागायला जागा उरलेली नाही. तुझी मी मागत नाही, परेश.

ती काय बोलली ते आता वाच. नाकात नळी होती, आवाज बसला होता. तिनं मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "परेशच्या डोक्याव केस आलं न गं?"

"आले."

"मिशी?"

"ती पण आली."

तिचा चेहरा सैल पडला. "मंग बरा झाला," ती म्हणाली, "माज्या वक्ताला त्याला काय तरी काढाला पायजे न. तेच्यासाठीच थांबलू मी... काढंल न गं तो?"

"काढेल," मी म्हणाले.