भिंतीपलीकडची थाप

माझे हात आधी चांगले होते. धुणं, भांडी, खुरपणी, सगळं या हातांनी केलं आणि कधी त्यांच्याकडे निरखून बघितलं नाही. सत्तरी ओलांडल्यावर तळहातांवर पांढरे पापुद्रे सुटायला लागले. वाटलं, नवा साबण बाधला. मग कातडी जाड झाली आणि चिरली. चिरांचं मला नवल नाही, माझ्या टाचा जन्मभर चिरलेल्याच आहेत. पण टाचेनं कुणी चटणी कालवत नाही. शेंगाची चटणी बोटांच्या भेगेत गेली की डोळ्यांतून पाणी यायचं आणि नातू ओरडायचा, "आज्जी रडतीय!" मी रडत नव्हते. डोळे गळत होते.

गल्लीत कुणी म्हणालं गजकर्ण, कुणी म्हणालं खरूज. एकीनं सांगितलं, पानाचा चुना लाव. लावला. हात तोडून फेकावा असं वाटलं. मग लेकानं आणि सुनेनं सरकारी दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टरीण अगदी पोरसवदा होती. तिनं मोजे न घालता माझा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाली, सोरायसिस आहे. दुसऱ्याला लागत नाही. मुळापासून जाईल असंही नाही, आटोक्यात ठेवायचा. मलम लावायचं, वर व्हॅसलीन, त्यावर सुती मोजे. गरम पाणी, साबण, पीठ यांत हात घालायचा नाही.

"मग भाकरी?" मी विचारलं.

"सूनबाई आहेत ना."

मी हो म्हटलं. डॉक्टरला हो म्हणायला काय जातं?

घरातलं बाकी सगळं सून बघते, माझी तक्रार नाही. पण परात माझी. लग्न होऊन आली तेव्हा तिची भाकरी तव्यावर टाकताना दोन तुकड्यांत पडायची. मी तेव्हाच सांगितलं, तू भाजी बघ. तेव्हापासून तसंच चाललं होतं. माझी भाकरी पातळ, काठ एकसारखा, तव्यावर टाकली की टम्म फुगणारी. दवाखान्यातून आल्यावर मी फक्त थापायची पद्धत बदलली. बोटं वर उचलून धरायची आणि मनगटाजवळच्या मांसल भागानं थापायचं. ज्वारीच्या पिठाला आधणाचं पाणी लागतंच, त्याला इलाज नाही. दात आवळून थापायची, टोपलीत ठेवून फडकं टाकायची, हात धुऊन मलम लावायची, लेकाचे जुने पायमोजे हातांत घालायची आणि बाहेरच्या खोलीत आडवी व्हायची.

आडवी झाले की भिंतीपलीकडून आवाज यायचा. थप, थप, थप. शेजारचं घर तेलुगू बोलणारं. नवरा यंत्रमागावर कामाला, बायको घरी विड्या वळते. पक्की भात खाणारी माणसं. इतक्या वर्षांत त्या घरातून मी भाकरीची थाप ऐकली नव्हती. जेवताना मी सुनेला म्हटलं, "ऐकलंस का? शेवटी शेजारीण आली वळणावर. सोलापुरात राहून किती दिवस भात गिळणार?"

"व्हय आत्या," ती म्हणाली आणि आमटीत डाव फिरवत बसली.

मी माझ्या ताटातली भाकरी मोडली. पापुद्रा सुटा, आतून मऊ. "बघ," मी म्हटलं, "हात फाटले, पण भाकरी फाटली न्हाय."

लेक खाली मान घालून जेवत होता.

एकदा शेजारीण दारात विड्यांचं सूप घेऊन बसली होती. मला म्हणाली, "अक्का, तुमच्या मागच्या दाराला येती ती मोकाट गाय लई जाड झाली की."

"गल्लीचं उष्टं खातीय, जाडच व्हणार," मी म्हटलं. ती हसली ती ठसका लागेपर्यंत. मला वाटलं, तंबाखूचा ठसका.

मग एका सकाळी मलम संपलं. भाकऱ्या झाल्या होत्या, हात धगधगत होते. खोबरेल तरी लावावं म्हणून मी परत स्वयंपाकघरात गेले. मागचं दार उघडं होतं. सून उंबऱ्यात उकिडवी बसली होती, शेजारी टोपली, आणि समोर ती गाय. सून भाकरी चतकोर करून तिच्या तोंडात देत होती. मला आधी वाटलं, शिळ्या असतील. पण वाफ येत होती.

"खा गं बाई, बिगीबिगी खा," सून गाईला म्हणत होती. "आत्या उठतील."

"आत्या उठल्यात," मी म्हटलं.

तिच्या हातातली भाकरी खाली पडली. गाईनं तीही उचलली.

"माझ्या भाकऱ्या गाईला घालतीस?"

"आत्या, तसं न्हाय..."

"मग कसं हाय?"

तिनं टोपलीतली उरलेली भाकरी उलटी करून माझ्यापुढं धरली. काठाला तपकिरी डाग होता. मी भाकरी करपली म्हणणार होते. मग माझ्या हाताकडं बघितलं. मोजा अजून घातला नव्हता. मनगटाजवळची चीर उघडी होती आणि तिच्यातून रक्त येत होतं.

"पोराला पयल्यांदा दिसलं," ती म्हणाली. "त्याला वाटलं चटणी हाय. खाल्लं त्यानं. रोग लागंल म्हणून न्हाय आत्या, डॉक्टरीणबाई म्हनल्या ते मी बी ऐकलंय. पण रक्त..."

"मला सांगायला तोंड नव्हतं?"

"कोण सांगणार? तुमचा लेक म्हणाला तू सांग. मी म्हटलं, आई तुमची, तुमी सांगा. दोघं बी भितो की तुमाला."

रक्ताची भाकरी मी तरी खाल्ली असती का? नसती. त्यामुळं भांडायला मुद्दाच राहिला नाही. पण दुसरी गोष्ट डोक्यात आली.

"मग रोज आमी खातो ते काय?"

सुनेनं परसातल्या शेजारच्या बुटक्या भिंतीकडं बघितलं. तेवढ्यात तिकडून शेजारणीचं डोकं वर आलं. "येतेस का न्हाय? पीठ मळून ठेवलंय, सुकायला लागलंय की!" मग तिला मी दिसले. डोकं खाली गेलं.

मी तिथंच बसले. सुनेनं आणलेलं पाणीही प्याले नाही. गाईला घातल्याचं एवढं काही नाही, अन्न उकिरड्यावर तर टाकलं नव्हतं. पण सुनेनं शेजारी जाऊन थापलेली ती सगळी भाकरी मी खाल्ली होती. मोडली होती, वाखाणली होती, घरच्यांना दाखवली होती. लहानपणापासून भाकरी थापणारी मी, आणि माझ्या जिभेला कळलं नाही. हात गेले ते दिसत होतं. जीभ कधी गेली?

"कुणी शिकवलं तुला?" मी विचारलं.

"कोण शिकवणार? रोज बघतीय की तुमाला."

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, शेजारी जायचं नाही, परात इथं घे. मी मोजे घालून पाटावर बसले आणि तिला थापताना बघितलं. चूक काढायला बसले होते. सापडली नाही. तिनं टोपली भरली, फडकं टाकलं.

नेहमीच्या वेळेला गाय आली. मागच्या दाराला शिंग लावून उभी राहिली, मग हंबरायला लागली. सुनेनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, माझ्या वाटणीतली दे एक. तिनं दिली. गाईनं हुंगली आणि खाल्ली. तिलाही फरक कळला नाही.