सातवी सही

यादवरावमामा गेल्याची बातमी आली तेव्हा मी अकोल्याला छापखान्यात एका पत्रकाचं मुद्रित तपासत उभी होते. किन्हीराजाहून मामांचा सालदार गडी तुळशीराम सर्व्हिस मोटारीने आला होता. तो पागोटं हातात घेऊन उंबऱ्यातच थांबला, तेवढ्यावरून मला कळलं. "पहाटे गेले, बाई. झोपेत," तो म्हणाला. अशा वेळी भाचीने काय विचारावं? मी विचारलं, "इतक्यात कोणी कागद घेऊन आलं होतं का?" तुळशीराम माझ्याकडे पाहतच राहिला. "आलते ना दोघं जनं. कालच्या दिशी, मोटारीत." "मग? मामांनी अंगठा दिला?" "थे मले काय ठाव? मी वावरात होतो"... रडू नंतर आलं. आधी हा प्रश्न आला, आणि त्याची मला लाज वाटत नाही. तो प्रश्न का आला हे सांगितल्याशिवाय मामांविषयी काही लिहिताच येणार नाही.

यादवरावमामा माझ्या आईचे थोरले भाऊ. किन्हीराजाला कपाशीची मोठी शेती, आणि नागपूरच्या असेंब्लीत आमच्या पक्षाचे मेंबर. त्यांच्या निवडणुकीत मी त्यांच्याच बैलांच्या दमणीत बसून मेडशीपासून कामरगावपर्यंत पत्रकं वाटली होती. मामांचं भाषण म्हणजे दोन वाक्यं. "आपन बोलनारा मानूस नाई. बोलायले भाची आनली हाय." लोक हसायचे आणि मला बोलावं लागायचं. आमच्याकडे मामाने भाचीच्या पाया पडायची रीत आहे. मामा ती रीत भर सभेत पाळायचे, आणि गाडीत बसलं की मला झाडायचे, "कमळे, जीभ हाय का विळा? लोकं घाबरून मत देऊन राह्यले आपल्याले." पाया पडून भांडणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

निवडून आल्यावर वर्षभरात मामा बिघडले. मी हाच शब्द वापरणार, मेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायचं मला जमत नाही. आमच्याच पक्षातल्या सहा बड्या शेतमालक मेंबरांनी त्यांना आपल्यात ओढलं, आणि सात जणांनी मिळून पक्षनेत्याला पत्र दिलं. मागणी अशी, की निजामाच्या मोगलाईतून पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात येणाऱ्या प्रत्येकाने परवाना काढावा, तो मालकाजवळ ठेवावा आणि कापसाची वेचणी संपली की परत जावं. कायदा आणला नाही तर सातही जण बजेटाच्या मताला गैरहजर राहतील. पक्षाचं बहुमत इतकं बारीक होतं की सात माणसं उठली तर मंत्रिमंडळ पडावं. पत्रात कारणं काय, तर चोऱ्या वाढल्या, पटकी येते, गावच्या मजुराचा घास जातो. गावच्या मजुराचा यांना केव्हापासून कळवळा! खरी गोम त्या 'मालकाजवळ' या शब्दात होती. मजुरी पटली नाही म्हणून बाई शेजारच्या वावरात गेली तर परवाना मालकाच्या खुंटीला, आणि बाई फौजदाराच्या दारात. असलं पत्र फाडून टाकायचं सोडून आमच्या पक्षनेत्याने समिती नेमली. सहा असते तर त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं असतं. सातव्या सहीने त्याची झोप उडवली होती, आणि ती सातवी सही माझ्या मामांची होती.

मी तडक किन्हीराजाला गेले. मामा ओसरीवर होते. ते रीतीप्रमाणे पाया पडायला वाकले, तर मी पाय मागे घेतले.

"काहून वं? पायाले काटा रुतला?"

"मामा, तुम्ही सही केली?"

"केली. तुले इचारून करू का आता?"

"तुमचा कापूस कोण वेचतं?"

"थ्याच वेचतात पल्याडच्या. अन् वेचतील. पन कायद्यानं वेचतील. तुले शेतीतलं काय समजते? शाईची कमाई तुही."

आतून मामी म्हणाल्या, "भांडा, पन जेवून भांडा." मी न जेवता निघाले. त्या घरातून मी उपाशी निघाले ती तेवढी एकच वेळ.

घरी येऊन मी त्यांनी पत्राला जोडलेल्या कायद्याच्या मसुद्याची नक्कल पुन्हा वाचली. कलम पहिलं होतं, 'ज्याचा जन्म प्रांताबाहेरचा, तो बाहेरचा.' मी ते मोठ्याने वाचत होते आणि आई शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "मग यादव बाहेरचाच की." मी थांबले. आजीचं माहेर पैनगंगेपल्याडचं, आणि पहिलं बाळंतपण माहेरी... एवढी साधी गोष्ट! नदीच्या दोन्ही काठांना पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी. इकडच्या घरांतल्या कितीतरी सुना तिकडच्या, आणि थोरला मुलगा जन्मतो तो आजोळी. गावोगावच्या बायकांना विचारत चार दिवस हिंडले, तेव्हा कळलं की त्या सातांपैकी चौघे थोरले मुलगे आहेत आणि चौघांचीही नाळ मोगलाईत पुरलेली आहे. नागपुरात बसून प्रांताच्या हद्दीची रेघ मारताना एकालाही आपली आई आठवली नव्हती.

मी पत्रक लिहिलं, 'मेंबरसाहेब, आधी आपला परवाना दाखवा!' चौघांची नावं, चौघांची आजोळं. आईने अट घातली. "वाटायच्या आधी यादवले तोंडावर वाचून दाखव. माह्या भावाले पाठीमागून मारायचं नाई." म्हणून गठ्ठा बांधून ठेवला आणि एक प्रत घेऊन पुन्हा किन्हीराजाला गेले.

त्या दिवशी मामांच्या वावरात सीतादही होतं. पहिल्या वेचणीला फुटलेल्या बोंडांची पूजा करून दहीभात वाहतात, आणि तो मान वेचणाऱ्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईचा. मामांकडे तो गवराबाईचा होता. ती मामांच्या आजोळचीच, दर वर्षी वीस-पंचवीस बायका घेऊन नदी उतरून यायची. मामा धुऱ्याच्या बांधावर बसले होते. मी विचारलं, "वाचू?" ते म्हणाले, "वाच. सभा भरलेलीच हाय." मी वाचलं. मामांच्या आजोळचं नाव आलं तशी गवराबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "माय वं! या यादवाले तर म्या कडेवर घेऊन गाव फिरवलं. माह्या लुगड्यावर मुतला थो. अन् आता आमाले पास मांगून राह्यला? काहून रे, तुह्या नाळेचा पास कोठी हाय?" बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या, मग पदर सोडून हसल्या. एक जण ओरडली, "पाटलाले बी नदीपल्याड घेऊन जाऊ वेचनी सरली की!"

मामा हसले नाहीत. त्यांनी हात पुढे करून कागद घेतला, दोनदा वाचला. मला वाटलं, आता फाडतील. ते म्हणाले, "याच्यात माह्या मायचं नाव काहून नाई?"

मी गडबडले. चौघांची गावं लिहिली होती, आयांची नावं लिहायला मी धजले नव्हते. बायकांची नावं चव्हाट्यावर कशी मांडायची! मी, सगळ्यांना भेकड म्हणणारी!

"पुरं लिव्ह," मामा म्हणाले. "भागीरथी. तिची का लाज हाय मले?" आणि माझीच पेन्सिल घेऊन त्यांनी स्वतः ते नाव लिहिलं. मग गवराबाईकडे न पाहता म्हणाले, "घाला वं दहीभात. ऊन चढून राह्यलं."

नागपुरात पक्षाची बैठक भरली तेव्हा तो कागद त्यांनी स्वतः वाचला. दोन वाक्यांचा माणूस, पण त्या दिवशी तिसरं बोलला. "मी भागीरथीचा पोरगा, मोगलाईतला. माही सही या कायद्यात बसत नाई. थे खोडा." सहा उरले. समितीचा कागद कुठल्या कपाटात गेला कोणी विचारलं नाही. माझा गठ्ठा मी वाटलाच नाही, गरजच पडली नाही. लिहिलेलं पत्रक न वाटता आनंद झाल्याचा माझ्या आयुष्यातला हा एकच प्रसंग.

पण सहा जण गप्प बसणारे नव्हते. मामांना अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, आणि त्या लोकांना पालवी फुटली. नवं पत्र तयार झालं. सही करता येत नाही तर डाव्या हाताचा अंगठा चालेल. मताच्या दिवशी खाटेसकट नागपूरला नेऊ. असं ते उघड बोलत. मामांना आता माणूस दुखवण्याचंही बळ नव्हतं. कोणी डोळ्यांत पाणी आणलं की हेही रडायचे. आठ महिने मला एकच भीती. असा थकलेला माणूस, जुने मित्र उशाशी बसलेले, आणि समोर शाईची डबी... नुसता अंगठाच तर टेकवायचा होता! म्हणून तुळशीरामला मी तो प्रश्न विचारला.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले तेव्हा मामींना विचारलं. मामी चुलीपुढे होत्या. त्या हसायलाच लागल्या, डोळे पुसत हसत राहिल्या.

"दोघं आले थे भर दुपारी. हे जेवत होते. मी रोज भरवत जाओ, पन मोटारीचा आवाज आयकला अन् यायनं माहा हात सारला. म्हने, मी खातो. डावा हात घातला दहीभातात अन् घातला तं घातलाच."

"म्हणजे?"

"अवं, खरकट्या हातानं कागदाले शिवते का कोनी? थे बी देवाधर्माचे लोकं, 'जेवा सावकाश' म्हनून बसले. हे एक शीत उचलत, अन् चावत बसत. मी म्हनलं, हात धुवायले पानी आनू का? तं डोळे वटारले माह्यावर. तवा उमगलं मले. मंग मी वाढतच गेली. चार वाजले, भात वाळला बोटायवर, पन हात काई निंगाला नाई ताटातून. शेवटी उठले बिचारे. मोटार वळली तसं हे म्हनतात, 'आन वं पानी.' लय साफ बोलले. कितीक दिसांनी!"

मी जमिनीवर बसले आणि पोटभर हसले. आठ महिन्यांचं ओझं असं उतरलं की मला रडायलाही तेव्हाच आलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मामा गेले होते. पोट भरलेलं, अंगठा कोरा.

यंदाची वेचणी सुरू झाली आहे. गवराबाई बायका घेऊन नदी उतरून आली, कोणी कुणाला परवाना विचारला नाही. मागच्या रविवारी मी किन्हीराजाला होते. आमची जेवणं आटोपून भांडीसुद्धा घासून झाली होती, तोच अंगणात मोटार थांबली. त्या सहांपैकी एकाचा कारभारी कागद घेऊन आला होता. दुखवट्याचे चार शब्द बोलून तो म्हणाला, "कायदा व्हावा ही यजमानांची इच्छाच होती, एवढंच यात लिहिलंय, बाईसाहेब. तुमचा अंगठा झाला तरी चालेल." मामींनी डोईवरचा पदर सारखा केला, पाटावर बसल्या आणि मला हाक मारली.

"कमळे, वाढ वं मले. सकाळपासून उपाशी हाय मी."