शेवटच्या वाफ्याचं पाणी
स्क्रीनवर 'फाइल आधीच बंद केली आहे' असं आलं की मला खाडीच्या चिखलाचा वास येतो. घरून काम करायच्या दिवसांत मी पेणजवळ मामाकडे राहत होतो. कंपनीचा रिपोर्ट सकाळपासून अडला होता. माझ्या प्रोग्राममध्ये यादीतली ओळ पुढच्या भागानं मागितली तरच ती फाइलमधून वाचली जायची, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं, आणि मी शहाणा यादी बनवल्याबरोबर फाइल बंद करून मोकळा होत होतो. डोकं तापलं म्हणून मामाच्या मिठागरावर गेलो. भरती लागली होती. मामीनं मला उघाडीची, म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायच्या दाराची, फळी उचलायला सांगितलं आणि ती टोकाच्या वाफ्याकडे गेली. पाणी खळखळत पाटात शिरलं, तशी मी फळी लगेच परत लावली; उघडी राहिली तर बोलणी बसतील ही भीती. भरती ओसरू लागल्यावर मामी कोरड्या पायांनी परत आली. "पानी माज्यापरयंत आलंच नाय रे! शेवटचं पानी घेतो, त्यानं फळी लावायची. उघडनाऱ्यानं नाय." तिचा वाफा त्या दिवशी तसाच तडकत राहिला. मी मात्र घरी येऊन फाइल बंद करायचं काम यादी शेवटपर्यंत वाचणाऱ्या भागावर सोपवलं, आणि रिपोर्ट निघाला. गेल्या वर्षी मिठागर कायमचं बंद केलं, तेव्हा मी फळीला हात घातला. मामी म्हणाली, "थांब. ती मलाच लावायची हाय."