चांदी आणि तवा

ऑफिसच्या खणात जुने चार्जर कोणी मुद्दाम ठेवत नाही, तरी जमत जातात. लॅपटॉपचे किस्से माझ्याकडे तसेच जमलेत. आजही कोणी विचारतं, "घरगुती मॉडेल घेऊ की बिझनेसचं?" मला प्रोसेसर आठवत नाही, मेमरी आठवत नाही. आमचं कुकटपल्लीचं ऑफिस आठवतं.

लॅपटॉप तेव्हा नवलाईची चीज होती. दूध थंड ठेवायच्या टाक्या बनवणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीची आमची परराज्यातली शाखा. माणसं चार. पुण्याहून आलेले पटवर्धनसाहेब, हिशेब बघणारे सुब्बाराव (तिथल्या रीतीने आदराने 'गारू'), विक्रीवरचा बिरादार, आणि खरेदीपासून चहापर्यंत उरलेलं सगळं बघणारा मी.

पुण्याहून तंबी आली होती. एका मोठ्या सहकारी डेअरीची ऑर्डर मिळाली तर शाखा राहील, नाहीतर दिवाळीनंतर टाळं! साहेबांना पुण्यात परत खुर्ची होती. आम्हा तिघांना नव्हती. तारनाक्याला आईला घेऊन राहणारा बिरादार तर रोज सकाळी आल्या आल्या विचारायचा, "डेअरीचा फोन आला का हो?"

डेअरीसमोर प्रेझेंटेशन करायचं होतं, म्हणून लॅपटॉप आले.

•

कोठीच्या बाजारात खलीलभाईंचं दुकान. त्यांनी दोन लॅपटॉप समोर ठेवले. एक चंदेरी, चकचकीत, मोठ्या स्पीकरचा. दुसरा काळा, जाडजूड, लोखंडाच्या दुकानात शोभेल असा. आणि महाग काळाच!

"ये घर का है साब, वो धंदे का."

साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "गाणी कशात चांगली वाजतात?"

सुब्बाराव म्हणाले, "जादा पैसा देके काला कायको लेना?"

खलीलभाईंनी चष्मा पुसला. "साब, ये दुल्हन है. वो दुल्हन का बाप है. कौन सुंदर है मत पूछो. खर्चा कौन उठाता, वो पूछो!"

साहेबांनी दोन्ही घेतले.

•

आमच्याकडे वस्तू हुद्द्याप्रमाणे वाटायची पद्धत होती. उंच पाठीची खुर्ची साहेबांना, पंख्याखालची जागा साहेबांना. त्या न्यायाने चंदेरी लॅपटॉप साहेबांच्या केबिनमध्ये गेला आणि काळा बिरादारच्या पिशवीत. गावोगाव फिरणारा बिरादारच, त्यामुळे वाटणी चुकून बरोबर झाली.

बिरादार मात्र खट्टू झाला. "साहेबाला चांदी, अन् आम्हाला तवा! हौ की, आम्ही भाकरी थापणारेच."

ती नावं पडली ती पडलीच. पुढे पुण्याहून फोन आला की मीसुद्धा सांगायचो, "तवा टूरवर गेलाय."

•

डेअरीतली पहिली मीटिंग साहेबांनी चांदी घेऊन केली. सुरू करताच तिच्यातून असं काही संगीत वाजलं की शिपाई चहा घेऊन आत आला. त्याला वाटलं, बेल झाली!

चेअरमनसाहेब तासभर स्क्रीनवरून नजर हलवेनात. पटवर्धनसाहेबांना स्फुरण चढलं. टाकीचा आडवा छेद झाला, उभा छेद झाला. मग चेअरमननी खिशातून कंगवा काढला आणि स्क्रीनमध्ये बघत शांतपणे मिशा विंचरल्या.

चकचकीत काचेवर समोरच्या खिडकीचा उजेड पडत होता. त्यांना टाकी दिसलीच नव्हती!

"बहुत अच्छा है," ते उठता उठता म्हणाले. "दसरे के बाद एक बार आके समझाओ. फिर फैसला करेंगे."

•

तवा एकदा स्कूटरवरून पडला. कोपरा चेपला, दोन बटणं निखळली. बिझनेस मॉडेलची हमी अशी की लॅपटॉपच्या कंपनीचा माणूस दुसऱ्याच दिवशी दारात हजर. तो थेट तारनाक्याला बिरादारच्या घरी पोचला.

बिरादारची आई बघतच राहिली. "अगं बाई! मी तापानं फणफणले होते तवा डॉक्टर आला नाय, अन् ह्या डबड्याला बघायला आला!"

तिने त्याला पोहे दिले आणि चहाचा कप नेमका लॅपटॉपशेजारी ठेवला. बिरादारने ओरडून कप उचलला.

"गिरने दो अम्मा," तो माणूस म्हणाला. "बटनों के नीचे नाली बनाई है. पानी ऊपर से गया तो नीचे से निकलता."

आईने तवा उचलून उलटा करून पाहिला. "म्हणजे चाळणी हाय म्हणा की! एवढे पैसे घालून भोक पडलेलं आणलंस होय रे?"

•

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. फॅक्स, झेरॉक्स, साहेबांची गाडी. त्या वर्षी टेबलावर चांदी आणि तवा शेजारी शेजारी मांडले, झाकणं उघडून, चालू करून.

"बंद का नाही करत?" मी विचारलं.

"सोते भगवान की पूजा करते क्या?" सुब्बाराव गारू म्हणाले.

हळदकुंकू झालं, फुलं झाली. नारळ फोडायचा मान सुब्बारावांचा. त्यांनी तो टेबलाच्या कडेवर असा हाणला की पाणी दोन्ही लॅपटॉपवर सारखंच उडालं!

चांदीने लावलेलं गाणं अर्ध्यात सोडलं आणि डोळे मिटले. ती नंतर सर्व्हिस सेंटरला गेली. तिथे उत्तर मिळालं, "महिनाभराने चौकशी करा."

तवा चालूच होता. थोड्या वेळाने त्याच्या बुडातून थेंब थेंब पाणी गळायला लागलं. सुब्बारावांनी उजवा तळहात खाली धरला, पाणी प्यायले आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.

"तीर्थम!"

"सुब्बाराव, शिकले-सवरलेले तुम्ही!" साहेब कडाडले. "लॅपटॉपचं पाणी पिता?"

•

शेवटच्या मीटिंगला साहेबांना तवा न्यावा लागला आणि तव्याबरोबर बिरादार. कॅटलॉगचा गठ्ठा घेऊन मी मागे. झाकणावर कुंकवाची पाच बोटं तशीच होती.

तव्याची काच चकचकीत नव्हती, त्यामुळे या वेळी चेअरमनना टाकी दिसली. त्यांनी सगळं नीट ऐकलं, आणि एकच प्रश्न विचारला.

"हमारे यहाँ रोज पाइप लगाके फर्श धोते. पानी गया तो आपका इलेक्ट्रॉनिक पॅनल चलता क्या?"

टाकीवरचं पॅनल सीलबंद होतं, खरंच चालायचं. पण ते पुण्यात. दाखवायला आमच्याकडे काही नव्हतं.

"त्याचं असं आहे, तांत्रिकदृष्ट्या..." साहेबांनी सुरुवात केली. चेअरमननी घड्याळाकडे पाहिलं. कागद गोळा करायला हात पुढे केला.

"साब, दिखाता हूँ," बिरादार म्हणाला. त्याने चेअरमनसमोरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि चालू तव्याच्या बटणांवर ओतला.

बिरादारने ओलं बटण दाबलं. पुढची स्लाइड आली. किमतीची.

चेअरमन खुर्चीतून अर्धे उठले, स्क्रीन बघितली, तवा बघितला, बिरादारला बघितलं. मग खाली बसले.

"टंकियों का ऑर्डर लिख लो," ते आपल्या सेक्रेटरीला म्हणाले.

बिरादारने तवा उचलून तिरका केला. बुडातून थेंब गळू लागले.

पटवर्धनसाहेब पुढे झाले आणि त्यांनी उजवा तळहात खाली धरला.