पाण्यात धरलेला हात

तालुक्याच्या कोर्टात लघुलेखक म्हणून मी बरीच वर्षं टाईप केलं. "गुन्हा कबूल आहे का?" हा प्रश्न इतक्यांदा ऐकला, की उत्तर यायच्या आधीच बोटं 'नाही'कडं वळायची.

त्या दिवशी आरोपीच्या पिंजऱ्यात सिद्धेश्वरच्या धरणावर मासे धरणारा एक माणूस उभा होता. पन्नाशीचा, तांड्यावरचा. आरोप असा, की त्यानं एका शेतकऱ्याला होडीतून पलीकडं न्यायला घेतलं, लाईफ जॅकेट दिलं नाही, होडी उलटली आणि तो शेतकरी बुडून मेला. आमच्या न्यायाधीश मॅडमनी आरोप सोप्या भाषेत समजावला आणि तो प्रश्न विचारला.

त्याची मान जरा डावीकडं कलली, शेजारचं कुणी कुजबुजत असावं तशी. मग म्हणाला, "व्हय. कबूल हाय."

"कुणी धाक दाखवला? शिकवून पाठवलं?"

पुन्हा मान कलली. "न्हाई."

डावीकडं नुसती भिंत होती.

मॅडमनी शिक्षा किती होऊ शकते ते सांगितलं, सरकारी खर्चानं वकील दिला, विचार करायला आठवडा दिला. पुढच्या तारखेलाही तेच.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "नेमकं काय कबूल आहे? तुमच्या शब्दांत सांगा."

"पाण्यात त्यानं माझं मनगट धरलं. म्हणला, सोडू नको. माझा दम तुटला, मी झटकलं." त्यानं मनगट चोळलं. "तवापासून त्यानं धरूनच ठिवलंय, मॅडम. कबूल केल्याबिगर सोडत न्हाई म्हणतो."

मी ते टाईप केलं.

"ही गुन्ह्याची कबुली होत नाही," मॅडम म्हणाल्या. "पुरावा ऐकू."

"घ्या की लिहून, मॅडम! लई तकलीफ होऊन राहिली," तो कळवळून म्हणाला. पण कबुली नाकारली गेली आणि खटला चालला.

साक्षीला शवविच्छेदन करणारे डॉक्टर आले. प्रयोगशाळेचा अहवाल उशिरा मिळाला होता. त्यांनी शांतपणे सांगितलं, की हा मृत्यू बुडून झालेलाच नाही. होडीत बसल्या जागीच हृदय बंद पडलं असावं. तो कलंडला, त्यानंच होडी उलटली असेल. पाण्यात पडला तेव्हा त्याच्यात जीव नव्हता.

आरोपी निर्दोष सुटला. पिंजऱ्यातून मात्र तो उतरेना. कठडा घट्ट धरून म्हणाला, "मॅडम, मग पाण्यात माझ्यासंगं बोललं कोण?"

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. माझी बोटं कळफलकावर तशीच थांबली होती. मग त्यांनी पुढची केस पुकारायला सांगितली.

वर्षभरानं तो मला कुरुंद्यात भेटला. होडी विकून लेकीच्या गावी हळदीच्या कामाला लागला होता. त्यानंच ओळखलं, चहा पाजला. मृताच्या बायकोला भेटून आल्याचंही सांगितलं.

मी विचारलं, "आता बरं आहे ना?"

"मनगट सुटलं, साहेब," तो म्हणाला. "निकालाच्या दिशीच सुटलं. पण धरणाकडं जात न्हाई. माणूस मेलेला व्हता म्हणल्यावर, तिथं जे हाय ते अजून तिथंच असंल ना?"